दोघींना सारखा उजेड

धंतोलीतल्या नव्या घरात वीज घ्यावी, एवढंच मार्तंडरावांच्या मनात होतं. एक दिवा ओसरीत, एक माजघरात, एक स्वयंपाकघरात, आणि फारच चैन करायची म्हटली तर एक न्हाणीघराच्या दाराशी, म्हणजे डोळ्यांत साबण गेल्यावर तांब्या शोधायला बरा. माणसाची हौस ती केवढी! पण घर बांधलं की शेजार येतो, आणि शेजार आला की सल्ला येतो. मार्तंडरावांच्या वाट्याला आलेले शेजारी म्हणजे श्रीधरपंत, पेन्शनीत निघालेले ओव्हरसियर. ज्या माणसानं तीस वर्षं सरकारी पूल बांधले, त्याला शेजाऱ्याच्या घरात नाक खुपसायचा अधिकार सरकारनंच दिलेला असतो, अशी त्यांची समजूत होती.

"दोन तारा घेऊन राहिले?" श्रीधरपंत म्हणाले. "मार्तंडराव, दोन तारा भाडेकरू घेतात. स्वतःचं घर असलेल्या माणसानं तीन घ्याव्यात. माझ्याकडे तीन आहेत."

श्रीधरपंतांकडे तीन तारा होत्या, कारण त्यांच्या विहिरीवर विजेचा पंप होता. हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मार्तंडरावांनी विचारलं नाही. 'भाडेकरू' हा शब्द त्यांच्या वर्मी लागला होता.

सीताबर्डीवरच्या वीज कंपनीच्या कचेरीत त्यांनी तीन तारांचा अर्ज टाकला. तो परत आला. 'यंत्राचा तपशील' हा रकाना कोरा होता म्हणे. मार्तंडराव स्वतः सेक्रेटरिएटात रेकॉर्ड सेक्शनला होते. बावीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवण्यात घालवली होती, आणि ते काम ते मन लावून करत. पण आपला अर्ज परत येतो तेव्हा कसं वाटतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. अर्ज एकदा नव्हे, तीनदा आला. तिसऱ्या वेळी खिडकीतला कारकून म्हणाला, "मोठं यंत्र असल्याशिवाय तीन तारा मिळत नाहीत. घरात यंत्र काय आहे तुमच्या?" मार्तंडरावांनी घरातल्या सगळ्या वस्तू डोळ्यांपुढून फिरवल्या आणि लिहून दिलं: 'दळण्याचं यंत्र, नियोजित.'

झालं! आठ दिवसांनी हॅट घातलेला इन्स्पेक्टर यंत्राची जागा बघायला दारात हजर. मार्तंडरावांनी त्याला मागच्या पडवीत नेलं. तिथं त्यांची पत्नी यमुताई जात्यावर भाजणी दळत बसल्या होत्या. इन्स्पेक्टरनं जातं बघितलं, यमुताईंना बघितलं, वही काढली आणि विचारलं, "हॉर्सपॉवर किती?" यमुताईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो रकाना त्या बिचाऱ्यानं कोराच ठेवला आणि मंजुरी लिहून काढता पाय घेतला. अशा रीतीनं तीन तारा मिळाल्या. शौर्यच ते, दुसरं काय म्हणायचं?

तारा घरात फिरवायला नत्थूजी मिस्तरी आले. बोलणं कमी, पण जे बोलत ते पक्कं. खांबावरून आलेल्या तीन तारा ओसरीतल्या बोर्डावर ओळीनं तीन स्क्रूंना लावून त्यांनी मार्तंडरावांना जवळ बोलावलं.

"हे पाहा साहेब. ही इकडची, ही तिकडची, अन् ही मधातली. मधलीपासून इकडं मोजा, दोनशे वीस. मधलीपासून तिकडं मोजा, तरी दोनशे वीस. अन् मधलीले सोडून ह्या दोघींत मोजलं, तर चारशे चाळीस. दिव्याले दोनशे वीस लागते, पंपाले चारशे चाळीस. म्हणून तीन तारा."

"आणि आमच्याकडे पंप नाही."

"नाही ना. म्हणून तुमचं पुढचं घर मी इकडच्या तारेवर टाकलं अन् मागचं तिकडच्या. मधली दोघींले सामाईक."

"ही मधली करते काय?"

"काही नाही. हात लावला तर चावतसुद्धा नाही. पण तुम्ही लावू नका."

एवढं सांगून नत्थूजी गेले. ते पूर्ण सांगून गेले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मिस्तरी, वैद्य आणि वकील यांनी सगळं सांगितलं तर त्यांना दुसऱ्यांदा कोण बोलावणार?

आता खरी गोष्ट. मार्तंडरावांचे थोरले बंधू गणपतराव महाल भागातल्या जुन्या घरात राहत. मोजणी खात्यात त्यांची हयात गेली होती. बांधावर उभं राहून दोन भावांच्या जमिनीत साखळी टाकायची आणि दोघांनाही सारखंच नाराज करायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दोघे भाऊ विभक्त झाले तेव्हा गणपतरावांनी घरातली वाटणी इतकी चोख केली की वाढायचे डाव पंधरा निघाले तर पंधरावा भटजींना देऊन टाकला. भांडण नाही, तंटा नाही. राहता राहिले महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा.

"दोन मुखवटे, दोन भाऊ," गणपतराव म्हणाले. "ज्येष्ठा आमच्याकडे, कनिष्ठा तुमच्याकडे. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

हिशेबात चूक काढायला जागाच नव्हती. पण भाद्रपदात या दोघी बहिणी माहेरी येतात, जोडीनं बसतात, जोडीनं जेवतात आणि जोडीनं जातात, ही काय साखळी टाकून मोजायची गोष्ट आहे? यमुताई आणि त्यांची जाऊ रुखमाबाई अठरा वर्षं या दोघींना एकत्र सजवत आल्या होत्या. एकीनं थोरलीला लुगडं नेसवायचं, दुसरीनं धाकटीला. वाटणी ऐकली त्या दिवशी दोघी जावा महालातल्या स्वयंपाकघरात पदरात तोंड घालून रडल्या. पण बोलायचं कोणी? रुखमाबाईंचा नवऱ्यापुढं इलाज नव्हता, आणि थोरल्या दिरापुढं यमुताईंनी अठरा वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. मार्तंडराव बोलून बघायला गेले, तर उत्तर मिळालं, "लिहिलं ते लिहिलं." कागद तयार होता. फक्त चार माणसांत वाचायचा राहिला होता.

यंदा महालक्ष्म्या धंतोलीत बसायच्या होत्या, शेवटच्या एकत्र. जेवणाच्या दिवशी संध्याकाळी कागद वाचायचा आणि विसर्जन झालं की ज्येष्ठेनं महालात जायचं, असं ठरलं.

"शेवटच्याच आहेत ना?" यमुताई नवऱ्याला म्हणाल्या. "मग दोघींना सारखा उजेड पाहिजे. थोरलीवर एक दिवा, धाकटीवर एक. काडीचा फरक दिसला तर माझ्याशी गाठ आहे."

मार्तंडरावांनी नत्थूजींना सांगून माजघरात मखरावर दोन दिवे लावून घेतले. पक्षपात नको म्हणून ज्येष्ठेचा दिवा पुढच्या तारेवर आणि कनिष्ठेचा मागच्या. मोजणी खात्याचा भाऊही यात खोट काढू शकला नसता. काम बघून मार्तंडराव खूश झाले आणि तेवढ्यात श्रीधरपंत आत आले.

"देवीच्या खोलीत तीन तारा?" त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तीन तिगाडा, काम बिगाडा! पानात कधी तीन पोळ्या वाढता का? आणि देवीच्या डोक्यावर तीन तारा?"

"तीन घ्या असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"ओसरीत तीन म्हणजे इभ्रत, मार्तंडराव. देवघरात तीन म्हणजे अपशकुन. एवढं कळू नये?"

हे यमुताईंनी ऐकलं. आधीच जिचं काळीज थाऱ्यावर नाही, तिच्या कानावर असलं पडल्यावर काय होणार? त्यांनी नवऱ्याला बोर्डाकडे बोट दाखवलं. मार्तंडराव बोर्डापुढं जाऊन उभे राहिले. रेकॉर्ड सेक्शनात बावीस वर्षं काढल्यावर, काही काम न करता मधली खुर्ची अडवून बसलेला कारकून ओळखायला त्यांना वेळ लागत नसे. मधली तार काही करत नाही, चावतसुद्धा नाही, हे खुद्द मिस्तरीच सांगून गेला होता. मार्तंडरावांनी मोठा खटका पाडला, पायात खडावा चढवल्या, पाटावर उभं राहून रामरक्षा म्हणत मधल्या तारेचा स्क्रू सैल केला, तार बाजूला काढली आणि तिच्या टोकाला रबराची पट्टी गुंडाळून ठेवली. तीनाच्या दोन झाल्या. खटका वर केला, दोन्ही देवींचे दिवे लावले, आणि काय सांगावं! दोन्ही दिवे लख्ख. जुळ्या बहिणींसारखे सारखे. यमुताईंनी नवऱ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या कौतुकानं बघितलं असेल.

कौतुक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं.

जेवणाचा दिवस. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वडे. आकाश भरून आलेलं, म्हणून चार वाजताच घरात अंधारलं होतं. मखरातले दोन्ही दिवे लागले होते. स्वयंपाकघरात पुरण वाटत बसलेल्या कुणीतरी तिथलाही दिवा लावला. त्याबरोबर माजघरात कनिष्ठेचा दिवा एकदम मलूल झाला आणि ज्येष्ठेचा डोळे दिपतील असा पेटला.

"अगं बाई!" रुखमाबाई ओरडल्या. "धाकटीचं तोंड बघा कसं उतरलं!"

कुणी म्हणालं, नैवेद्यात काहीतरी राहिलं. कुणी म्हणालं, धाकटीचं लुगडं थोरलीपेक्षा हलकं आहे. एक आत्याबाई म्हणाल्या, उद्या बहीण जाणार हे तिला कळलं. त्यावर यमुताई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेल्या. श्रीधरपंतांनी सांगितलं की मागच्या बाजूला वीज कमी येते आहे, तिला जोर मिळण्यासाठी मागचे सगळे दिवे लावा, म्हणजे ती तिकडे ओढली जाईल. पाण्याच्या पाटाचं असंच असतं म्हणे. न्हाणीघराचा लागला, पडवीचा लागला. ज्येष्ठेचा दिवा पांढराफेक होऊन एकदा फणकारला आणि फट्‌ करून फुटला. काचा श्रीधरपंतांच्या पगडीवर. घर सगळं अंधारात.

श्रीधरपंतांना लागलं काही नाही. पण त्यानंतर बराच वेळ ते सल्ला न देता बसले, हे एक त्या दिवशी चांगलं झालं.

नवा दिवा लावला. आता मार्तंडराव ईर्षेला पेटले. देवीसमोर, भावाच्या येण्याआधी, तीन तारांच्या मालकाची अशी शोभा? पंचा कमरेला बांधून त्यांनी एकेक खटका वर-खाली करून बघायला सुरुवात केली. आणि अर्ध्या तासात, कुणाच्या बापाला न विचारता, त्यांनी शोध लावला. मागं एक दिवा लागला की पुढंही एक लागला पाहिजे. मागं दोन, तर पुढं दोन. संख्या सारखी असली की दोघी बहिणी प्रसन्न, फरक पडला की एक रुसली आणि दुसरी भडकली. का, ते विचारू नका. पुढचं घर आणि मागचं घर यांच्या मधल्या उंबऱ्यात पाट टाकून ते बसले आणि हुकूम सोडू लागले, "मागचा एक लावायचा आहे? थांबा! ओसरीचा लावा आधी! हां, आता दोन्ही एकदम!" वाढणाऱ्या बायकांना तूप वाढण्यापेक्षा हेच जास्त सांभाळावं लागत होतं.

गणपतराव आले तेव्हा हा कारभार रंगात आला होता. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "दोन्हीकडे सारखं लागतं होय? बरी आहे की मग ही वीज. न्यायी आहे."

पंगती उठल्या. विडे झाले. वीस-पंचवीस माणसं माजघरात बसली. गणपतरावांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि म्हणाले, "बाकीचे दिवे घालवा. दोन पुरेत. उधळपट्टी कशाला?" एका पुढच्याबरोबर एक मागचा, असे सगळे दिवे मालवले. फक्त ज्येष्ठेचा आणि कनिष्ठेचा राहिला.

"आम्ही खाली सही करणार दोघे बंधू..." गणपतरावांनी सुरुवात केली.

आणि यमुताई उठल्या. डोक्यावरचा पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

"भाऊजी, अठरा वर्षं मी तुमच्यासमोर बोलले नाही. आज बोलते. न्यायची तर न्या थोरलीला. पण ती गेल्यावर मागं राहिलेलीचं काय होतं, ते आधी डोळ्यांनी बघा, मग वाचा."

ज्येष्ठेसमोर अंधार करायचा आणि धाकटी एकटी कशी दिसते ते दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ज्येष्ठेच्या दिव्याचा खटका पाडला.

दोन्ही दिवे गेले.

यमुताईंनी घाईनं खटका वर केला. दोघी पुन्हा उजळल्या.

"परत करा," गणपतराव म्हणाले.

परत केलं. परत तेच. गणपतराव स्वतः उठले आणि कनिष्ठेचा खटका पाडला. ज्येष्ठेचाही दिवा गेला. लावला, दोघी आल्या. मोजणीचा माणूस, तीनदा मोजल्याशिवाय मानणार नव्हता. प्रत्येक वेळी एकीबरोबर दुसरी. आत्याबाईंनी हात जोडले. रुखमाबाई मोठ्यानं रडायला लागल्या, अगदी लाज सोडून.

"कंदील आणा," गणपतराव म्हणाले. "मी बोर्ड बघून येतो." आणि एकटेच ओसरीत गेले.

नत्थूजी मिस्तरी पंगतीला आले होते. ते दाराशी सुपारी कातरत बसले होते, ते हळूच मार्तंडरावांच्या कानाशी आले.

"साहेब, मधली तार काहून काढली तुम्ही?"

"ती काही करत नाही म्हणालात ना?"

"अहो, दोन्हीकडं सारखं असलं तर करत नाही! कमी-जास्त झालं का तो फरक तीच वाहून नेते. तिले काढल्यावर थोरलीच्या दिव्यातून निघालेली वीज धाकटीच्या दिव्यातूनच परत जाईन. दुसरी वाटच नाही तिले. एकीचा रस्ता बंद झाला का दोघी गेल्या. अन् एकीकडं दिवे जास्त झाले का दुसरीच्या डोक्यावर दोनशे विसाचे तीनशे चढते."

मार्तंडरावांनी मखराकडे पाहिलं. म्हणजे देवीचा कौल नव्हे, आपल्या खडावांचा प्रताप! पंचवीस माणसं हात जोडून बसली आहेत, बायको डोळे पुसते आहे, आणि दादा कंदील घेऊन नेमके बोर्डापाशी उभे आहेत. सांगावं तर यमुताईंच्या हातातला घास जातो. न सांगावं तर दादांना कळतंच आहे. त्यांना वाटलं, त्यापेक्षा चारशे चाळीसला हात लावलेला बरा.

गणपतराव यायला बराच वेळ लागला. आले, मखरासमोर उभे राहिले. कागदाची घडी केली. तिची आणखी एक घडी केली आणि ती खिशात घातली.

"ही वाटणी होत नाही," ते म्हणाले. "दोघी एकत्र राहतील. एक वर्ष महालात, एक वर्ष धंतोलीत. आणि जेवण दोन्ही घरांचं मिळून. कुणाला काही म्हणायचं आहे?"

कुणाला काय म्हणायचं असणार? आत्याबाईंनी आरती सुरू केली. श्रीधरपंतांना पुन्हा वाचा फुटली आणि ते शेजारच्याला सांगू लागले की तीन तारा घ्यायचा सल्ला मुळात त्यांचा होता. रुखमाबाई आणि यमुताई एकमेकींच्या गळ्यात पडून रडत-हसत होत्या, आणि कुंकवाचा करंडा दोघींच्या मध्ये उपडा झाला होता. मार्तंडरावांनी आयुष्यात इतका मोठा विजय मिळवला नव्हता, आणि मिळवल्यावर इतकं चोरासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

महालातला टांगा दाराशी आला तेव्हा त्यांना राहवलं नाही. रुखमाबाई टांग्यात बसल्या होत्या. गणपतराव पायरीवर पाय ठेवत होते.

"दादा, ते दिव्यांचं... मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"हळू बोल," गणपतराव म्हणाले. त्यांनी पाय खाली घेतला आणि भावाला चार पावलं बाजूला नेलं. "चाळीस वर्षं मी मोजणी केली, मार्तंड. बोर्डावर स्क्रू तीन आणि तारा दोन, हे मला दिसत नाही होय? मधल्या तारेचं टोक कुणी गुंडाळलं तेही मला कळलं. असं गचाळ काम आपल्या घराण्यात तूच करतोस."

"मग आत तुम्ही..."

"पंचवीस माणसं बोलावून कागद वाचायला उभा राहिलो होतो. तो खिशात परत घालायला काही निमित्त नको?" गणपतरावांनी टांग्याकडे पाहिलं. रुखमाबाई विडा चघळत टांगेवाल्याच्या घोड्याशी काहीतरी लाडानं बोलत होत्या. "महिनाभर हिनं मला पान वाढलं. पण एकदासुद्धा विचारलं नाही, की आणखी पोळी हवी का म्हणून."

ते टांग्यात चढले. बसल्यावर पुन्हा वाकून म्हणाले, "ती तार लावून घे, नाहीतर घर जाळशील. पण उद्या, विसर्जन झाल्यावर. आज हात लावलास तर याद राख."

टांगा निघाला, आणि आतून यमुताईंचा आवाज आला. उशिरा आलेल्या पाहुण्यांना त्या सांगत होत्या, "तुम्ही बघितलं नाही ना अजून? थांबा, मी एकीचा घालवून दाखवते."